मोहरीएवढे डोंगर

सकाळी भाजी निवडत होते, तेव्हा संगीताच्या आईचा फोन आला. मी त्यांना मावशी म्हणते; त्या स्वतःहून कधी फोन करत नसत. “संगी गेली गं…” एवढंच म्हणाल्या. फोन तसाच चालू राहिला. मागून पंचवटीतल्या रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. मलाही तो ठेवता येईना.

एम.एस्सी.ला संगीता आणि मी एका बाकावर बसायचो. मी शाळेत शिकवू लागले, ती परदेशी गेली. संशोधनाचा विषय विचारला की म्हणायची, “घन पदार्थ. फक्त जरा जास्त दाबलेले.” काही तारे मरताना स्वतःच्याच वजनाने इतके आकसतात, की सूर्याहून जड तारा नाशिक शहराएवढ्या जागेत मावतो. त्याच्या कवचाचं त्या ओढीखाली काय होतं, याची गणितं ती करायची. गावी, घोटीला, वडील वारले तेव्हा ती तिकडेच होती. अंत्यदर्शनाला पोचली नाही. पुढे ती कायमची परतली, नाशिकच्या एका कॉलेजात शिकवू लागली, आईला पंचवटीतल्या फ्लॅटवर घेऊन आली. पण मावशींनी वडिलांच्या अंत्यदर्शनाचा विषय कधी काढला नाही, आणि तिच्या कामाबद्दलही कधी विचारलं नाही. एका घरात राहून दोघी फार जपून बोलायच्या…

गेल्या वर्षी बादली उचलताना तिचा मणका दबला. तपासण्यांत अस्थिमज्जेचा कॅन्सर निघाला. “जन्मभर ताऱ्यांवरच्या गुरुत्वाकर्षणाची गणितं केली, आणि मला इथलंच झेपेना,” ती हसून म्हणाली. 

एका दुपारी मी त्यांच्या घरी असताना मावशी तिला पेज भरवत होत्या. मध्येच म्हणाल्या, “ज्याच्यासाठी बापाला सोडून तिकडं राह्यली, ते हाय तरी काय? सांग मला.”

 संगीता वाटीतली शितं दाखवत सांगू लागली. ताऱ्याच्या कवचात अणूंची केंद्रं आधी अशी सुटी, गोल, ओळीनं रचलेली असतात. खोल गेलं, दाब वाढला, की ती एकमेकांना चिकटून त्यांच्या शेवया होतात. त्याखाली पोळ्या.

“म्हंजे सैपाकच की! आन् डोंगर असत्यात का तिथं?”

“असले तर मोहरीएवढे, आई. त्याहून उंच झाले की वजनानं खचतात.”

“एवढ्या वजनानं ते कवच मोडत नाय?”

“मोडतं ना. तडकलं की सगळा तारा हादरतो.”

“मग?”

“मग पुन्हा बसतं. पण आधीसारखं नाही…”

मावशींनी चमचा वाटीत ठेवला. “तुझा बाप शेवटी तुलाच इचारीत व्हता. मी म्हनलं, पोरीचं काम लय मोठं हाय. काय काम ते मला ठाव नव्हतं. तरी सांगितलं.”

संगीता लहान मुलीसारखी रडली. मी उठून बाहेर गेले.

त्यानंतर मायलेकी रोज बोलायच्या. दिवस मात्र थोडे उरले होते.

तो फोन येऊन आता दोन महिने झाले. परवा मावशींकडे गेले. दोरीवर संगीताचा कमरेचा पट्टा वाळत होता, मणक्याला आधार म्हणून ती घालायची तो. मावशी तो अजून दर आठवड्याला धुतात.  म्हणाल्या, “घामाचा वास तिला खपायचा नाय.” मग पट्ट्याला हात लावून पाहिला. “ओला हाय अजून. बस जरा… वाळला की घडी घालू.”