पुरवून खाल्लेल्या नानकटाया

मी घर सोडलं त्या सकाळी अंगणात गाडी उभी होती आणि आई माझी भरलेली बॅग पुन्हा उघडून बसली होती. वजन आधीच जास्त झालं होतं. तिने माझे नवे बूट बाहेर काढले आणि त्या जागी नानकटाईचा स्टीलचा डबा बसवला. म्हणाली, "बूट काय तिथं पन मिळतील. ही मिळायची न्हाय. पुरवून खा, बाबू." मी कॅनडात विनिपेगला उतरलो तो जुन्या सँडलवर. बाहेर बर्फ होता.

कोकणात आमच्या म्हसळ्याकडे नानकटाई घरी भाजत नाहीत, हे गावातल्या तुम्हाला सांगायला नको. इकडे जन्मलेल्या आपल्या पोरांसाठी सांगतो. दिवाळीच्या आधी बायका मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बाजारातल्या बेकरीत जातात, तिथेच बसून गोळे वळतात आणि बेकरीवाला ते पत्र्यांवर लावून भट्टीत भाजून देतो. पत्रे एकमेकांत मिसळतात, म्हणून प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणाची चारोळी, कुणाचा बोटाने केलेला खळगा. आई आमच्या दाराच्या पितळी चावीचं नक्षीदार डोकं गोळ्यावर दाबायची.

दर दिवाळीनंतर कुणाच्या ना कुणाच्या सामानातून तसा डबा इथे यायचा. मी त्यातल्या थोड्या खायचो आणि बाकीच्या फ्रीझरमध्ये ठेवायचो. ते शास्त्र मी मन लावून शिकलो होतो. आधी ताटात सुट्या गोठवायच्या, मग हवाबंद डब्यात थर लावायचे, प्रत्येक थरामध्ये बटर पेपर. खायच्या वेळी डबा बंदच ठेवून बाहेर काढायचा, नाहीतर पाणी सुटून मऊ पडतात. बाहेर उणे तीस असताना घरात आणखी थंडीसाठी वीज जाळणारा माणूस म्हणून मेघा, माझी बायको, मला हसायची. पण डबा रिकामा होईल ही मला खरोखरच भीती होती. ऑफिसात दिवस वाईट गेला की मी फ्रीझर उघडून नुसतं बघून घ्यायचो.

मग एकदा व्हिडिओ कॉलवर मेघाने आईला नवा फ्रीज दाखवला. खालचा फ्रीझरचा खण आणि त्यातला नानकटाईचा डबाही उघडला. "बरं हाय फ्रीज," एवढंच आई म्हणाली.

त्या दिवाळीला डबा आला नाही. आईला विचारलं, तर म्हणे गुडघे दुखतात, बेकरीत बसवत नाही. खरं काय ते माझ्या वडिलांनी, आबांनी सांगितलं. खाऱ्या हवेने दाराचं जुनं कुलूप गंजलं, ते बदलून बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून आई नव्या चपट्या चावीचा ठसा उठवत होती. आणि माझ्या फ्रीझरमध्ये तिला दिसल्या त्या पितळी चावीच्या. "ती म्हनते, पोरानं तेव्हापास्नं खाल्ल्याच न्हाय," आबा म्हणाले. "तिला वाटतंय, तिच्या हातची चव गेली."

मी लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला. मला रडू येत होतं आणि रागही. "तूच म्हणाली होतीस ना, पुरवून खा?"

"आठवडाभर पुरव म्हनलं व्हतं रे. जल्मभर न्हाय."

मी पितळी ठशाची एक नानकटाई काढली आणि तिचा गारठा जायचीही वाट न पाहता तिच्यासमोर खाल्ली.

"कशी हाय?" तिने विचारलं.

खोटं बोलवेना. "फ्रीझरमधल्या कोलंबीचा वास येतोय."

आई इतकी हसली की फोन हातातून पडला आणि मला बराच वेळ आमच्या घराचं छप्पर दिसत राहिलं.

पुढच्या दिवाळीलाही डबा आला नाही. गावच्या एका मित्राच्या सामानातून एक पुडी आली. आत ती पितळी चावी, घासून लखलखीत केलेली. आमच्या इथल्या दाराला चावीच नाही, आकडे दाबून उघडतं. ही चावी आता तिथलंही कुठलं कुलूप उघडत नाही. त्या संध्याकाळी मी आणि मेघाने तूप फेसलं, गोळे वळले, आईला फोनवर सतरा वेळा विचारत ओव्हनमध्ये भाजले. घरभर वेलचीचा वास सुटला. शेजारचे आले, मुलं आली, बघता बघता ताट रिकामं झालं. पूर्वी असं रिकामं ताट पाहून मला धस्स झालं असतं. आता उद्या पुन्हा करता येतील एवढंच मनात आलं, आणि या शहरात आल्यापासून पहिल्यांदा मला आपल्या घरी असल्यासारखं वाटलं.

आईला फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"चावी उलटी दाबलीस," ती म्हणाली. मग विचारलं, "ठेवल्यास किती?"

"एकपण नाही."

"आता कसं," आई म्हणाली.