नंदीचं लांबलेलं औक्षण

देव ऐकतो का, हा प्रश्न मी देवालाच विचारायचे. नाचणगावात आमचा भाजीपाल्याचा मळा. सकाळी तोडा झाला, टोपल्या बाजारात गेल्या की मी देवासमोर बसायचे, आणि बसले की शेजारून पिंकीचं रडणं ऐकू यायचं. पोर सात-आठ वर्षांची, आई वारलेली, बाप हात उचलणारा. टीव्हीवर युद्धातली लेकरं ढिगाऱ्यातून काढताना दिसली की मी महादेवाला टोचून विचारायचे, तुम्ही तेव्हा कुठे असता जी? ती लेकरं दूर, पण ही तर भिंतीपलीकडे होती. एकदा तिच्या बापाला समजवायला गेले, तर तो म्हणाला, "माह्या घरात तुमी पडू नोका." आणि राग पोरीवरच निघाला. पुन्हा जायची धास्ती बसली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आमच्याकडे लेकरं लाकडी नंदी घेऊन दारोदार येतात. आपण नंदीचे पाय धुवायचे, लेकराला ओवाळायचं, हातावर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, ठेवायचा. पिंकी आली ती भर उकाड्यात बापाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. नंदी डाव्या हातात धरलेला. बाही सरकली तर उजवा हात कोपरापर्यंत सुजलेला.

ओट्यावर एक अनोळखी म्हातारी पाणी प्यायला टेकली होती. ती हळूच म्हणाली, "बाई, शाळेच्या भिंतीवर लेकरांच्या मदतीसाठी फोन नंबर लिवला हाय ना? लाव. ते येतवर पोरीले बाहेर जाऊ देऊ नोको."

मी आत जाऊन फोन लावला. बाहेर येते तो बाप दारात. "चाल घरी," तो पिंकीला म्हणाला. मी ओवाळणीचं ताट उचललं आणि म्हणाले, "भाऊ, ओवाळनं अर्धं हाय. नंदी दारातून तसाच नेता काय?"

तो थबकला. मारकुटा खरा, पण महादेवाचे सोमवार धरणारा. त्याने चपला काढल्या आणि हात जोडून उभा राहिला.

आता मी ओवाळून ओवाळून किती ओवाळणार? वात विझत आली, तोच समोरच्या काकू ताट घेऊन आल्या. "माह्यं ओवाळाचं राह्यलं ना." मागून त्यांची सून, मग शेजारची, मग गल्लीतल्या एकेक बाया. पिंकीचं कपाळ कुंकवाने भरून गेलं. बाप चुळबुळ करून राह्यला होता, पण बायांमधून त्याला वाटच नव्हती. पोलीस पाटलांना घेऊन मदतीची माणसं आली, तेव्हाही ताटं चालूच होती.

नंतर मी बायांना विचारलं, तुम्हाला कोणी बोलावलं? सगळ्या म्हणाल्या, ती म्हातारी. दारोदार सांगत गेली, नंदी खोळंबला हाय, ताट घेऊन चला. पण ती गेली कुठे, कोणी पाहिलं नाही. मी स्टँडवर विचारलं, बाजारात विचारलं. कोणाची पाहुणी असेलही. अजून पाणी मागणारी म्हातारी दिसली की मी आधी तिचा चेहरा पाहते.

देवावर सोपवणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असं मला वाटायचं. त्या दिवशी हात ताट फिरवत होते आणि पुढचं काहीच माझ्या हातात नव्हतं. सोपवणं ते हेच असेल, असं आता वाटतं. महादेवाचे उपकार मानते. भांडण मात्र थोडं बाकी आहे, त्या दूरच्या लेकरांसाठी.

पिंकी आता समुद्रपूरला मामाकडे असते. यंदा तान्ह्या पोळ्याला मामा तिला घेऊन आला. तिने नंदी दोन्ही हातांनी धरला होता आणि फ्रॉक बिनबाह्यांचा होता. मी आधी तिचे हात पाहिले, मग नंदीचे पाय धुतले.