शेकाची वेळ

माझी थोरली जाऊ एकोणीस वर्षं बसमध्ये कंडक्टर आहे. घरात मी तिला ताई म्हणते. आगारात तिचं नाव ‘डबलबेल’, कारण शेवटच्या पायरीवरचा माणूस आत आल्याशिवाय ती बेल देत नाही आणि तो आत आला की क्षणभरही थांबत नाही. दारू पिऊन चढलेल्या एका पैलवानाला तिने भर रस्त्यात खाली उतरवलं होतं. दुसऱ्या दिवशी तो माफी मागायला गाडीत चढला, तेव्हा त्याला आधी तिकीट काढायला लावलं, मग माफी दिली.

अशा बाईच्या डाव्या छातीत गाठ निघाली. आंघोळ करताना हाताला लागली आणि तिसऱ्या दिवशी ती डॉक्टरांपुढे हजर होती. तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं, डावी बाजू पूर्ण काढावी लागली.

इकडे सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटलं. “हे घराबाहेर जाता कामा नये. घरात लग्नाची पोर आहे.” पोर म्हणजे माझीच मुलगी, त्यामुळे मीही मान डोलावली. शेजारीपाजारी सांगून टाकलं की ताईचा खांदा निखळलाय. आता लाज वाटते, पण तेव्हा आपण मोठं शहाणपण केलं असंच वाटत होतं.

ते शहाणपण चार दिवस टिकलं. समोरच्या काकू भेटायला आल्या. ताई खुर्चीत बसली होती, काखेतून निघालेली नळी आणि तिची पिशवी मांडीवर.

“खांदा कसा आहे गं?” काकूंनी विचारलं.

“खांद्याला काय धाड भरलीय? कॅन्सर होता, छाती काढून टाकली. तुम्ही कधी तपासून घेतलंय का?”

काकूंचा कप बशीवर खणकन वाजला. सासूबाई आतल्या खोलीत उगाचच खोकत राहिल्या. काकू गेल्यावर ताई माझ्याकडे वळली. “खोटं बोलायचं तर निदान मला विचारून बोल. मी काय चोरी केलीय?”

पण सगळंच असं ताठ मानेनं झालं असं नाही. केमोची इंजेक्शनं संपली, केस गेले, अंगात काही उरलं नाही. एका सकाळी तिने युनिफॉर्मचा शर्ट घालून पाहिला. हात वर जात नव्हता म्हणून बटणं मी लावली. डावा खिसा आत बसला. ती आरशात बघत राहिली, मग म्हणाली, “पेन उभं राहत नाही गं,” आणि मटकन खाली बसून रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

त्यानंतर शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाला. शनिवार-रविवार सोडून पंचवीस दिवस रोज मोठ्या हॉस्पिटलात जायचं, पाच-दहा मिनिटं मशीनखाली झोपायचं. दिरांना रजा मिळेना, म्हणून सोबत मी जायचे. तळमजल्यावर एक लांबट खोली, भिंतीला लागून बाकं, समोर जाड दार आणि दाराशेजारी खिडकीत बसलेले क्लार्क. ताईचा नंबर सकाळी दहाचा, पण तिला वेळेआधी पोचायची सवय आणि लवकर घरी जायची नाही. गप्पा मारत बसायची.

तिथे तिच्या दोन मैत्रिणी झाल्या. एक शेळ्या पाळणारी, ताईच्याच रूटवरच्या शेवटच्या गावची. दुसरी शहरातल्या कॉलेजात शिकवणारी. ही प्रोफेसरीण काळा चष्मा लावून, विग घालून नऊच्या ठोक्याला यायची आणि कुणाशी बोलायची नाही. शेळीवालीने तिचं मौन मोडलं. ऑपरेशनच्या जागी ती कापडाची गुंडाळी खोचायची. ती गुंडाळी एकदा घसरत घसरत कमरेपर्यंत आली. शेळीवाली म्हणाली, “बघा बायांनो, माझं घर सोडून निघालं!” अख्खी खोली हसली. प्रोफेसरीण इतकी हसली की विग तिरका झाला. तिने तो काढून सरळ पर्समध्ये टाकला. मग बोलायला लागली. कॉलेजात कुणालाच माहीत नव्हतं. दाताची ट्रीटमेंट सांगून ती रोज सकाळची दोन लेक्चरं चुकवत होती. “घरी नवरा विचारतो, गाडी पाठवू का. पण जवळ बसून कसं वाटतंय, हे काही विचारत नाही,” म्हणाली.

शेळीवालीचा नंबर दुपारी चारचा. तिच्या गावची शेवटची गाडी सव्वातीनला सुटते, हे ताईला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणजे ती बाई शेक घेऊन हॉस्पिटलच्या व्हरांड्यातच राहायची आणि सकाळी आमच्याजवळ येऊन बसायची. नवव्या दिवशी ती आली नाही. दहाव्या दिवशीही नाही.

ताईने प्रोफेसरीणबाईंना विचारलं, “तुम्हाला दुपारी चारला चालेल?”

“चालेल म्हणजे? मी पहिल्या दिवशी तेच मागितलं होतं. म्हणाले, यादी बदलत नाही.”

ताई खिडकीशी गेली. क्लार्क म्हणाले, “नोंदणीच्या क्रमाने नंबर लागतात. मशीनचं असंच असतं, बाई.”

“मशीनला बस पकडायची असते का?”

त्यांनी खिडकी लावून घेतली.

मग ताईने दोन दिवस तेच काम केलं. बाकावरच्या प्रत्येकीला गाव विचारलं आणि जुन्या ड्यूटी चार्टच्या पाठीमागे यादी काढली. कोण कुठून येते, पहिली गाडी किती वाजता पोचते, परतीची किती वाजता सुटते. लांबच्या आठ जणींपैकी सहा जणी दुपारी. शहरातल्या बहुतेक सकाळी, त्यातल्याही निम्म्या नोकरीवाल्या, दुपार मागणाऱ्या.

बाराव्या दिवशी तिचा नंबर पुकारला. ती उठली नाही.

“ही यादी डॉक्टरांनी बघितल्याशिवाय मी आत येणार नाही.”

मी तिच्या कानाशी वाकले. “ताई, तुझाच शेक चुकेल. कशाला विषाची परीक्षा?”

“चुकू दे एक दिवस. तिचे चार चुकलेत.”

टेक्निशियनने पुढचा नंबर पुकारला. त्या बाईने ताईकडे पाहिलं आणि ती पदर खोचून तशीच बसून राहिली. तिसरीही हलली नाही. आत मशीन रिकामं. वीस मिनिटांनी डॉक्टरीण बाहेर आली, तरुण पोरगी, चिडलेली. ताईने कागद पुढे केला. तिने उभ्याउभ्या वाचला, मग बाकावर बसून पुन्हा वाचला. “हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही,” ती म्हणाली.

“तुम्ही कुणी विचारलंत?” ताई म्हणाली.

बसच्या वेळा पाहून नंबर लावायचे, आठवडाभर करून बघू, असं ठरलं. ते आजतागायत चालू आहे.

त्या रविवारी ताई मला घेऊन शेळीवालीच्या गावी गेली. नवरा अंगणात दोर वळत होता. “आता बरी आहे ती. पुन्हा कशाला?”

दाराआडून बाईच बोलली. “बरी नाही. शेक नको असं मी कधी म्हटलं? रात्री तिथे संडासाला पुरुषांच्या वॉर्डातून जावं लागतं. दुपारपासून मी पाणीच पीत नव्हते. चक्कर येऊन पडले तेव्हा परत आले.”

नवऱ्याने दोर खाली ठेवला. त्याला हे ठाऊकच नव्हतं.

“आता नऊचा नंबर आहे,” ताईने सांगितलं. “पहिल्या गाडीने यायचं, साडेदहाच्या गाडीने परत. जेवायला घरी.”

“आणि शेळ्या?” नवऱ्याने विचारलं.

“शेळ्या ओळखतात ना तुम्हाला?”

सोमवारी ती बाकावर होती, शेजारी नवरा. शेळ्या बहुतेक शेजाऱ्यांच्या गळ्यात पडल्या असाव्यात. डॉक्टरांनी तिचे चुकलेले दिवस पुढे वाढवून दिले.

याला अडीच वर्षं झाली. शेळीवाली ठणठणीत आहे. गावातल्या दोघींना तिने स्वतः तपासणीला आणलं. प्रोफेसरीणबाईंचा आजार मात्र हाडांत उलटला. त्या काठी घेऊन कॉलेजात जातात, डोक्याला काही न बांधता. सुट्टीच्या दिवशी ताई त्यांच्याकडे जाते. दोघी दुपारभर वाद घालतात, कशावरूनही. ताईचा डावा हात सुजतो, त्यावर घट्ट बाही चढवावी लागते. आगाराने तिला कायमचं चौकशीच्या खिडकीत बसवायचं ठरवलं होतं. ती तीन महिने बसली, मग वैद्यकीय दाखला आपटून पुन्हा गाडीवर गेली. तिकिटाचं मशीन आता उजव्या खांद्यावर असतं.

मागच्या महिन्यात आगारप्रमुखांनी तिला बोलावलं. जनजागृतीच्या पोस्टरवर तिचा फोटो हवा होता, खाली ‘लढवय्यी’ असं लिहून.

“फोटो राहू द्या, साहेब. तुमच्या महिला विश्रांतीकक्षाला आतून कडी नाही. मला ही बाही, बाकीच्या बायकांना कपडे बदलायचे तर दाराला पाठ लावून उभं राहावं लागतं. ती बसवा.”

कडी आठवड्यात बसली. साहेबांनी पुन्हा फोटोचं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, गाडीची वेळ झाली.