चौकट काढली तरी फोटो येतो

मालेगावच्या एसटीत बसल्यावरही मी मोबाईलवर तेच पान पुन्हा पुन्हा उघडत होते. सोयरीक जुळलेल्या एका मुलीचा फोटो त्यावर कुठेच दिसत नव्हता. तरी पान उघडलं की जऊळक्याहून तिच्या वडिलांचा फोन यायचा, "ताई, मेसेज आला पुन्हा."

रिसोडला बसून आमच्या समाजाच्या वधू-वर स्थळांचं संकेतस्थळ मी एकटीच चालवते. पत्रिका तपासली, फोटो चढवला, घरी कळवलं, प्रत्येक कामापुढे खूण झाल्याशिवाय मला चैन पडत नाही. कुणी पान उघडलं आणि फोटो आला की त्या घरी आपोआप मेसेज जावा, ही सोय मी यंदाच जोडली होती.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाला त्याच दिवशी या मुलीचं स्थळ मी काढून टाकलं. मग एकदा व्याही त्यांच्याकडे चहाला बसलेले असताना वडिलांचा फोन वाजला. 'आपल्या मुलीचा फोटो आत्ता पाहिला गेला.' व्याह्यांनी तो मेसेज वाचला आणि ते कप तसाच ठेवून उठले.

"फोटो काढला म्हनता न तुमी, मंग पाहून कोन राह्यलं?" वडील मला म्हणाले. "इवाई म्हनते, पोरगी अजून दाखवूनच राह्यले तुमी. सोयरीक मोडते आता. मालेगावले चाला, तुमीच सांगा त्याईले."

एसटी निम्म्या वाटेवर आली तेव्हा घोळ लक्षात आला. वहीत मी नाव फाडत नाही, लिहून मग काट मारते. पानही तसंच बांधलं होतं. आधी सगळ्यांच्या चौकटी मांडायच्या, सगळ्यांचे फोटो मागवायचे, मग जुळलेल्यांच्या चौकटी काढायच्या. पण पंगतीचं बोलावणं गेल्यावर पत्रावळ उचलली तरी पाहुणा दारात येतोच. फोटो यायचा, त्याला चौकट नसायची, म्हणून कुणाला दिसायचा नाही. आला एवढ्यावर मेसेज मात्र जायचा, मग पान कुणीही कुणासाठी का उघडेना.

मालेगावच्या स्टँडवर बाकावर लॅपटॉप उघडून मी क्रम बदलला. कुणाचं जुळलं ते आधी बघायचं, उरलेल्यांचेच फोटो मागवायचे.

व्याह्यांच्या घरी मुलीचे वडील आधीच पोचले होते, दारात उभे. मला बसा कुणी म्हटलं नाही. मी वडिलांचा फोन टेबलावर ठेवला आणि व्याह्यांना म्हटलं, "तुम्हीच पान उघडा."

त्यांनी उघडलं. टेबलावरचा फोन गप्प राहिला. मी श्वास सोडते तोच व्याह्यांच्या हातातल्या फोनवर मेसेज उतरला. 'आपल्या मुलाचा फोटो आत्ता पाहिला गेला.'

साक्षगंधानंतर मुलीचा फोटो काढा म्हणून घाईघाईने फोन येतात. मुलाचा काढा असं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.

वडील दारातूनच म्हणाले, "काहून इवाई, तुमी अजून पोरी पाहूनच राह्यले का?"

"राहून गेलं," व्याही पुटपुटले. मग आत वळून म्हणाले, "चाय मांडा वो. आन ताई, बसा न, उभ्या काहून?"

मी उभ्यानेच मुलाचं स्थळ काढलं आणि त्यांना पान पुन्हा उघडायला लावलं. चहा आला, साय धरली, तरी माझी नजर त्या दोन गप्प फोनांवरच होती.