कार्ड आधी, गोल नंतर

आमच्या संघात तिला सगळ्या खिळा म्हणायच्या. सहा मीटरच्या रेषेवर ती पाय रोवून उभी राहिली की दोन-दोन धिप्पाड मुली ढकलून दमायच्या, ही जागची हलायची नाही. मी गोलरक्षक. अकरा वर्षं आम्ही एकत्र हँडबॉल खेळलो आणि निम्मा वेळ भांडलो.

दिवसा ती वडिलांच्या दुकानात काचा कापायची, संध्याकाळी बोटांना पट्ट्या बांधून सरावाला यायची. एकोणतिसाव्या वर्षी गुडघ्याने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, खेळणं बंद. ती "बरं" म्हणाली आणि पुढच्याच सोमवारी कुबड्या घेऊन चौदा वर्षांच्या मुलींसमोर उभी राहिली. शिकवणं बंद असं काही डॉक्टर म्हणाले नव्हते.

प्रशिक्षक म्हणून ती खडूस होती, हे मैत्रीण असूनही सांगते. सराव संपला की पकड यावी म्हणून चेंडूला लावलेल्या चिकट मेणाचे जमिनीवरचे डाग मुलींनीच पुसायचे. हिचा गुडघा वाकत नसे, म्हणून काठीला फडकं बांधून हीसुद्धा पुसायची. नऊ वर्षांत त्याच मुलींना तिने वरच्या गटात नेलं.

तोवर मी वेळाधिकारी झाले होते. मैदानाकडेच्या टेबलावर घड्याळ सांभाळायचं. प्रशिक्षकाने हिरवं कार्ड टेबलावर ठेवलं की शिट्टी वाजवायची. खेळ तिथल्या तिथे थांबतो आणि संघाला एक मिनिट मिळतं.

हंगामाचा शेवटचा सामना. बरोबरी झाली तर संघ वरच्या गटात राहणार, हरला तर खाली. खिळ्याच्या मुली एका गोलने मागे, चेंडू त्यांच्याकडे, नऊ सेकंद उरलेले. डाव्या कोपऱ्यातून टाचणी, म्हणजे त्यांची सगळ्यात बारीक मुलगी, उडी मारून आत घुसली. त्याच क्षणी खिळ्याने कार्ड टेबलावर आपटलं. मी शिट्टी वाजवली. चेंडू जाळ्यात गेला तो त्यानंतर. गोल धरला गेला नाही, आणि मिनिटभराने केलेला शेवटचा प्रयत्न अडवला गेला.

क्लबचे सचिव कागद घेऊनच आले. "चेंडू आत गेल्यावर कार्ड ठेवलं, एवढं लिहून दे. शिट्टी चुकली असं धरून सामना परत खेळवतील. संघ खाली गेला तर तुझी जागाही गेली, हे धरून चाल."

मी शेजारीच घड्याळाच्या वायरी गुंडाळत होते. तिने सही केली असती तर मी खोटी ठरले असते. तरी खरं सांगते, मुलींचे चेहरे बघून क्षणभर मलाही वाटलं, करून टाक बाई.

"कार्ड आधी, गोल नंतर," तिने कागद परत केला. "शिट्टी बरोबर होती."

मग ती टाचणीसमोर गेली. "गोल तुझा होता. तुला जमणार नाही असं मला वाटलं."

"त्यांची गोलरक्षक पुढे आली होती, ताई, मागचं जाळं मोकळं होतं. दिसलं नाही तुम्हाला?"

"नाही. मी घड्याळाकडे बघत होते."

टाचणीने बॅग उचलली आणि ती निघून गेली. सचिवांनी शब्द पाळला. आठवड्याभरात नवे प्रशिक्षक आले, पण त्यांच्या सरावाला एकही मुलगी फिरकली नाही. पाच आठवडे रिकामं मैदान बघून सचिव स्वतः तिला परत बोलवायला काचेच्या दुकानात गेले.

ती परतली त्या पहिल्या दिवशी मीही मुद्दाम सरावाला गेले. तेरा जणी हजर, टाचणी नाही. खिळा गणती करून दाराकडे बघत राहिली. तिने सराव सुरू केला, पण तिचं लक्ष नव्हतं. दहा मिनिटांनी टाचणी आली आणि दारातच थांबली.

"माझी एक अट आहे."

"बोल."

"घड्याळ या ताईंना बघू द्या," तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "ते त्यांचं काम आहे. तुम्ही माझ्याकडे बघायचं."

"बघेन," खिळा म्हणाली. "आत ये."