वीस मिनटां सिस्टर

भाजलेलं माणूस समोर आलं की डॉक्टर विचारतात, कसं भाजलं, कधी भाजलं. आमच्या सिस्टरचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "वर काय थापलंस?" माणूस रडत असो नाहीतर बोंबलत असो, आधी या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. खरं उत्तर द्यायची छाती कुणाची होत नसे, कारण काहीतरी थापलेलं असायचंच. कुणी हळद, कुणी शाई, कुणी टूथपेस्ट, आणि आमच्या वाडीत घरोघर भिरंडेल. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. टाचा फुटल्या की आम्ही तेच लावतो, ओठ उलले की तेच, आणि भाजलं तरी तेच, अशी आमच्या मालवण किनाऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री. या खात्रीशी ही एकटी बाई बावीस वर्षं भांडली.

त्या मूळच्या बांद्याकडच्या. आमची खानावळ समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणि समोरच दोन खोल्यांचं सरकारी उपकेंद्र, तिथे त्या नर्स. उपकेंद्राबाहेर एक नळ होता. भाजलेला भाग त्या नळाखाली धरायचा आणि सिस्टर घड्याळ बघत उभ्या. "वीस मिनटां. एक कमी नाय." पाच मिनिटांत कुणी हात काढला तर मनगट धरून परत पाण्याखाली. एकाने शहाणपणा करून मासळीच्या पेटीतला बर्फ आणला, तर त्याला म्हणाल्या, "बर्फ कित्याक? तुझो हात काय पापलेट आसा?" बर्फाने कातडी आणखी मरते, साधं वाहतं पाणीच हवं, हे त्यांनी किती जणांना सांगितलं असेल, देव जाणे. त्यांचं खरं नाव निम्म्या वाडीला ठाऊक नव्हतं. रस्त्यावर दिसल्या की पोरं ओरडायची, "वीस मिनटां इली रे!"

भाजणं किती गंभीर आहे हे आम्हाला सिस्टरच्या बोलण्यावरून कळायचं. नुसतं लाल झालंय, आग होतेय, फोड नाही, तर त्या मालवणीत चेष्टा करायच्या. शेजारची एक पोरगी टूथपेस्ट फासून आली तेव्हा, "हाताक दात इलेत काय गो तुझ्या?" म्हणत त्यांनी ती धुऊन काढली. आठ दिवसांत डागसुद्धा उरला नाही. फोड आले असतील, ओलसर गुलाबी दिसत असेल आणि माणूस वाऱ्यानेही कळवळत असेल, तर मालवणीतच पण शिव्या. एक नाखवा, होडीचा मालक, फोड काट्याने फोडून आला होता. "फोड म्हणजे आतल्या कातडेक देवान घातलेलां पांघरूण. तां काढूक तू कोण रे?" त्याला दोन आठवडे रोज ड्रेसिंगला बोलावलं आणि रोज हेच ऐकवलं. आणि सिस्टर एकदम पुस्तकातल्यासारखं शुद्ध मराठी बोलायला लागल्या, की समजायचं, आता काही खरं नाही.

सिस्टरना वाडीत खरी टक्कर द्यायची ती आमची आये. आये म्हणजे माझी सासू. भिरंडेल काढावं तर तिनेच. पांढरेशुभ्र गोळे वळून बरणीत भरायची आणि वाडीत कुठे जरा खुट्ट झालं की बरणी घेऊन हजर. समोर सिस्टरचा नळ, इकडे आयेची बरणी. दोघी एकमेकींशी हसून बोलायच्या आणि पाठ फिरली की एकमेकींचे पेशंट पळवायच्या. मी सून. मधल्या मधे माझं सँडविच! मनातून मला सिस्टरचं पटायचं, पण ते तोंडाने बोलायची माझी टाप नव्हती.

तो श्रावणी सोमवार होता. आये कुणकेश्वराची भक्त, पाण्याचा थेंबही न घेता उपास. तसल्या रिकाम्या पोटी ती चुलीपुढे घावणे घालायला बसली. मी बाहेर गिऱ्हाईकांना वाढत होते. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. धावत जाऊन बघते तर आयेला भोवळ आलेली आणि तिचा उजवा हात बिडाच्या तापलेल्या तव्यावर, उताणा, अंगाखाली दाबलेला. मी तिला ओढून बाजूला केलं. एवढ्यात ती शुद्धीवर आली. मी तिचा हात नळाकडे न्यायला लागले तर ओरडली, "पाणी घालू नको गो! फोड येतले! बरणी आण माझी!"

आणि मी बरणी आणली. दहा-दहा गिऱ्हाइकांवर खेकसणारी मी, सासूपुढे माझी वाचा बसली. हे लिहितानाही माझी मला लाज वाटते.

तासाभरात आये खुशीत. हाताच्या मागच्या बाजूला, बोटांवर, पांढरट चट्टा पडला होता, कडेने तेवढे फोड होते. "बघलंस? मधी जरासुद्धा दुखणा नाय. भिरंडेलान काम केल्यान!" आम्ही सगळे निवांत. आबा, म्हणजे माझे सासरे, पान जुळवत म्हणाले, सिस्टरला बोलावून दाखवा आता. चिडवायला म्हणून आमच्या ह्यांनी खरंच हाक मारली. नशीब आमचं.

सिस्टर हसतच आत आल्या. "वर काय थापलंस, तां विचारूक नको, बरणी दिसताच आसा," म्हणत खाली बसल्या. साध्या पाण्याने हळूहळू भिरंडेल काढलं. चट्टा बघितला आणि हसू मावळलं. तो कोरडा होता, पांढरा, वाळत घातलेल्या चामड्यासारखा. बोटाने दाबून बघितलं, रंग बदलेना. सुईचं टोक अलगद टेकवलं. "आये, हय दुखता?" "नाय." "हय?" "नाय गो बाये, सांगलंय मा, बरां झाला!" सिस्टरनी सुई बाजूला ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंचा हात खोलवर भाजला आहे. वेदना होत नाहीत, कारण तिथल्या नसाच जळून गेल्या आहेत. त्यांना ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावं लागेल."

शुद्ध मराठी!

"तुम्हाला माहीत होतं ना पाणी घालायचं?" एवढंच मला विचारलं. मी हो म्हटलं. पुढे त्यांनी तो विषय आयुष्यात काढला नाही. हात नळाखाली धरायला लावला. तास उलटून गेला होता, तरी थोडा उपयोग होईल म्हणाल्या. मग बांगड्यांकडे बघितलं. हात सुजायला लागला होता, बांगड्या रुतल्या तर बोटांचं रक्त अडेल. पण सवाशिणीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या, त्याही श्रावणी सोमवारी! आये हात लावू देईना, रडायलाच लागली. सिस्टर आबांकडे वळल्या. "आबा, तुम्ही धडधाकट समोर बसला आहात. तुमच्याच हाताने वाढवा." आबांनी बांगड्यांखाली फडकं सरकवलं आणि आपल्या अडकित्त्याने एकेक बांगडी इतकी जपून वाढवली, की आये रडायची थांबली. सिस्टरनी हातावर धुतलेला मऊ कपडा सैल गुंडाळला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि आमच्या ह्यांच्या रिक्षात स्वतः शेजारी बसल्या.

जिल्ह्याच्या रुग्णालयातून गोव्याला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, ही कातडी आपली आपण कधीच भरून येणार नाही. मेलेली काढायची आणि मांडीची पातळ कातडी तिथे लावायची. ती धरेल. मूठ मिटेल की नाही, ते मात्र आत्ता सांगता येत नाही. मूठ मिटणार नाही? अहो, आमची खानावळ म्हणजे आयेचा उजवा हात! मी वाटलेला मसाला गिऱ्हाईक ओळखतं आणि अर्धं ताट टाकून जातं. पण खानावळ गेली खड्ड्यात. कुणाच्या हातचं पाणी न पिणारी ती बाई दुसऱ्याच्या हातून जेवणार, हेच मला बघवलं नसतं.

आये घरी आली ती मस्करी करत. "मांडयेची कातडी हाताक लायली. आता हो हात घावणे घालतलो की चालाक लागतलो?" पण पट्टी सुटली तेव्हा बोटं ताठ. वाकवली की पाणी यायचं डोळ्यांना. रुग्णालयाने व्यायाम दिले होते, रबराचा चेंडू दिला होता. आयेने तो चेंडू दोनदा दाबला आणि मांजराला दिला. "मी काय ल्हान चेडू आसंय खेळूक?"

सिस्टरनी डोकं लढवलं. त्या रोज दुपारी ड्यूटी संपली की यायच्या, आयेपुढे परातीत खवलेलं खोबरं ठेवायच्या आणि म्हणायच्या, "सोलकढी करूची आसा. रस काढ." नारळाचा रस काढायचा म्हणजे मूठ आवळून पिळायला हवं, त्याला पर्याय नाही. आणि खोबरं फुकट गेलेलं आयेला चालत नाही, हे सिस्टर ओळखून होत्या. पहिल्या दिवशी चार थेंब निघाले. आये चिडली, परात ढकलली. सिस्टरनी ते चार थेंब वाटीत घेतले, कोकमाचं आगळ घातलं, प्यायल्या आणि म्हणाल्या, "बरी झाली. मीठ कमी आसा." दुसऱ्या दिवशी परत परात.

नवी कातडी धरली आणि पुरती सुकली, तेव्हा एका दुपारी सिस्टर दारातूनच ओरडल्या, "खंय आसा गो आये तुझां भिरंडेल? काढ भायर!" सुकलेली कातडी कडक होऊ नये म्हणून आता रोज तेल चोळायला हवं होतं. आयेचा चेहरा असा फुलला म्हणता! "बघा! शेवटाक भिरंडेलच लागला!"

"लागला. पण भिंती उभ्या रवल्यार रंग लायतत. पडलेल्या भिंतीक रंग लावन काय करतलंस?"

आयेने बरणी सिस्टरच्या मांडीवर आदळली. मग दोघी खो-खो हसत सुटल्या. त्यानंतर सिस्टर स्वतः बरणी उघडायच्या आणि चोळायच्या, एकेक बोट, एकेक पेर. चार थेंबांची अर्धी वाटी झाली, वाटीचा पेला झाला. पुढच्या श्रावणात आयेने अख्ख्या खानावळीची कढी एकटीने काढली. मी परात उचलायला गेले तर हातावर फटका बसला. उजव्या हाताचा! काय लागला म्हणून सांगू! इतका गोड मार मी कधी खाल्ला नव्हता.

आता आये सिस्टरच्या वरताण. कट्टा गावच्या बाजारात चहावाल्याच्या हातावर उकळता चहा सांडला, तर हिने त्याला मानेला धरून नळाखाली नेलं. आमची बस समोर लागलेली. मी म्हटलं, "आये, बस जाता!" तर म्हणाली, "बस गेली तर जांवदे. ह्येचो हात गेलो तर दुसरो खंयसून येतलो?" माझ्या मोबाइलवर वीस मिनिटं लावून घेतली. बस गेली. चहावाल्याचा हात बरा झाला आणि तो अजून आम्हाला चहाचे पैसे देऊ देत नाही.

सिस्टर निवृत्त झाल्या त्या दिवशी सगळी वाडी थांब्यावर. ज्यांना ज्यांना म्हणून शिव्या खाव्या लागल्या होत्या, ते सगळे. कुणी फणस आणला, कुणी सुके बांगडे, एवढं सामान बस बांद्याला कशी नेणार, म्हणून कंडक्टर कपाळाला हात लावून उभा. सिस्टरनी भाषण करायला म्हणून तोंड उघडलं आणि "आपण सर्वांनी..." एवढं शुद्ध मराठी बोलून रडायलाच लागल्या.

आये पुढे झाली. आये काही रडणाऱ्यांतली नाही आणि आभार मानणाऱ्यांतली तर नाहीच. तिने उजव्या हाताने सिस्टरचा हात धरला आणि आवळला. पाचही बोटं मिटली. नुसती मिटली नाहीत, रुतली. आधी सिस्टर हसल्या, मग कळवळल्या. "आये, सोड गो! हाडां मोडतली माझी!"

कंडक्टरने दोनदा घंटी मारली. मी पदराने डोळे पुसत म्हणत होते, आये, सोडा आता, बस सुटली. पण आये कसली सोडते!