हैदराबादेतले फोटो

नंदलाल गुरुजींच्या नजरेत योगेश्वरी पहिल्यांदा भरली ती सहावीच्या वर्गात. गणिताच्या वह्या तपासायला टेबलाभोवती बेचाळीस पोरांची झुंबड उडाली होती आणि ही एकटीच जागेवर बसून होती.

"वही आण!" गुरुजी ओरडले.

"तुमीच फिरा ना गुरुजी. एक जण फिरला तं होते, बेचाळीस जणाइले कायले उठवता?"

गुरुजींनी तिला तासभर उभं केलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र ते स्वतःच बाकाबाकांवरून फिरू लागले.

आता गुरुजी निवृत्त आहेत आणि सौंदड गावात तिच्याच घरापुढच्या छपरीत पेपर वाचायला येतात. तिथेच बसून ती धानाच्या संशोधनाचं काम पाहते. तीन शहरांतल्या तीन संस्था मिळून ते करतात. शेतांचे लाखो फोटो हैदराबादच्या डेटा सेंटरात, हवामानाच्या नोंदी मुंबईच्या, आणि शेवटचा हिशोबही मुंबईतच; परवानग्या आणि देखरेख पुण्याच्या संस्थेकडे. एकाचं काम संपलं की दुसऱ्याचं सुरू. ही साखळी चालू ठेवणं तिच्याकडे. यंदा लावून बघायच्या बारा वाणांची यादी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायच्या आत हवी होती, नाहीतर अख्खं वर्ष वाया. हाती दहा दिवस होते आणि फोटो मुंबईला जाता जाता तीनदा अडकले होते. चौथ्यांदा पोचले, तर तिथल्या कोणीतरी जागा अडते म्हणून पुसून टाकले!

"पुन्हा लावा मॅडम," पुण्याचे सर फोनवर म्हणाले. "तुमच्या गावचं नेट असेल."

"सर, माझ्या गावातून एकही फोटो जात नाही. हैदराबादेतून मुंबईला जाऊन राहिलेत. मी नुसती बघून राहिले!"

फोन ठेवून तिने कपाळ दाबलं. अंगणात तिचे वडील, बिसनलाल, मळणीवाल्याशी फोनवर भांडत होते. उन्हाळी धान शेतातल्या बांधीत कापून पडला होता.

"मशीन बांधीत आण म्हणतो ना! मंग का भारे तुझ्या घरी वाहून आणू?"

योगेश्वरी ताठ बसली. गुरुजींनी पेपर खाली केला. तिचा चेहरा सहावीच्या वर्गातला तोच होता.

तिने तिन्ही संस्थांना कळवलं: फोटो हलवू नका. हिशोबाचा प्रोग्राम एवढासा आहे, तोच हैदराबादला पाठवा. मुंबईत फक्त तयार तक्ता न्या, हवामानाच्या नोंदी तिथे जोडा.

"तसं ठरलेलं नाही," सर म्हणाले. परवानगीला पाच दिवस गेले. ती रोज तीनदा फोन करायची आणि ठेवल्यावर काय बोलायची, ते गुरुजी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

परवानगी मिळाली आणि हिशोब दोन दिवसांत झाला. यादी आठव्या दिवशी आली. बिसनलालच्या बांधीत बाराही वाणांचे पऱ्हे पडले.

आता तिन्ही संस्थांत याच पद्धतीने काम होतं. योगेश्वरी अजूनही कंत्राटी डेटा सहायक आहे.